दाढ, ड्रिल आणि धडधड

‘दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. होस्टेलवर आल्यावर तिची तिसरी बाजू कळते. दातही आहेत, मेसच्या उसळीत चणेही आहेत, पण डाव्या दाढेनं चावता येत नाही म्हणून सगळा कारभार उजव्या बाजूनं चाललाय! विचारलं तर उत्तर ठरलेलं : “सबमिशन झालं की जातो.” सबमिशन होतं, ओरल होते, पीएल संपते, पेपरही संपतात. दाढ तिथंच आणि माणूसही तिथंच.

खरं कारण सबमिशन नसतं हे सांगणाऱ्यालाही माहीत असतं आणि ऐकणाऱ्यालाही. खरं कारण म्हणजे भीती. ती खुर्ची, ती सुई, तो ‘कुंईईई’ असा आवाज. रात्री दोन वाजता हॉररपट बघत हसणारी पोरं डेंटिस्टचं नाव काढलं की विषय बदलतात. या लेखात मला कुणाची टिंगल करायची नाही. आपण इंजिनिअरिंगची मंडळी. एखादं मशीन बिघडलं तर आपण त्याच्यावर ओरडत नाही, ते उघडून बघतो. तसंच ही भीती जरा उघडून बघायची आहे. आत कोणकोणते पार्ट आहेत, कोणता कशाला जोडलाय आणि कुठं पाना लावला तर ती सैल होते, एवढंच.

भट्टीला न घाबरणारा माणूस

दुसऱ्या वर्षानंतरच्या सुट्टीत मी शिरोली एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये इनप्लांट ट्रेनिंग केलं. तिथं एक मिस्त्री होते, वय पन्नाशीच्या आसपास. सगळे त्यांना मामा म्हणायचे, म्हणून मीही. तरुणपणी फौंड्रीत होते. वितळलेल्या लोखंडाचं लॅडल शेजारून जाताना पापणी न हलवणारा माणूस. पण डब्यात तांबडा रस्सा आला की वाटी माझ्याकडं सरकवायचे. “झोंबतंय रे तोंडाला,” म्हणायचे. घास लहान लहान घ्यायचे, कारण तोंड पुरतं उघडतच नव्हतं. शिवाय खालची एक दाढ तुटून अर्धी राहिलेली. खिशात पुडी कायम.

“मामा, दाताच्या डॉक्टरकडं जाऊन या की,” मी एकदा म्हणालो.

“पोरा, भट्टीच्या तोंडाशी उभा राहतो बघ म्हणशील तेवढा वेळ. पण त्या खुर्चीत नाही बसणार.”

कारण हळूहळू कळलं. दहा-अकरा वर्षांचे असताना गाल सुजलेल्या अवस्थेत त्यांची दाढ काढली होती. सुई दिली होती, पण ती लागूच पडली नाही. दोघांनी हात धरले होते. त्या दिवसानंतर जवळजवळ चाळीस वर्षं ते दातांच्या दवाखान्याची पायरी चढले नव्हते.

म्हणजे बघा, धाडस आणि ही भीती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘घाबरट आहेस’ असं म्हणून ही भीती जात नाही. ती कुठून आली ते बघावं लागतं.

भीतीचं यंत्र कसं चालतं?

मेंदूत अमिग्डाला नावाचा बदामाच्या आकाराचा एक छोटा भाग आहे. धोक्याचा अलार्म वाजवणं हे त्याचं एक मुख्य काम. एखादा वाईट प्रसंग घडला की त्या वेळचे आवाज, वास, दिवे हे सगळं तो अलार्मच्या वायरिंगला जोडून टाकतो. पुढं नुसता वास आला तरी अलार्म वाजतो, अ‍ॅड्रिनॅलिन सुटतं, छाती धडधडते, तळहातांना घाम येतो.

दवाखान्यातला तो ‘टिपिकल’ वास कशाचा असतो माहीत आहे? बऱ्याचदा युजेनॉलचा. दातात तात्पुरतं सिमेंट भरतात त्यात ते असतं, आणि युजेनॉल म्हणजे लवंगेच्या तेलातला मुख्य घटक. म्हणजे जो वास घरी मसाल्याच्या डब्यातून येतो तेव्हा भूक लागते, तोच तिथं आला की पोटात गोळा येतो. वास तोच, फरक फक्त वायरिंगचा. आणि वायरिंग बदलता येतं, हा आपल्या कामाचा मुद्दा.

दुसरा पार्ट म्हणजे ऐकीव गोष्टी. स्वतः कधी खुर्चीत न बसलेली मुलंसुद्धा घाबरतात, कारण काकांनी सांगितलेलं असतं, सीनिअरनं अभिनयासकट करून दाखवलेलं असतं.

तिसरा पार्ट म्हणजे ताबा सुटणं. आपण आडवे, तोंड उघडं, बोलता येत नाही, डोळ्यांवर दिवा, आणि समोरचा काय करतोय ते दिसत नाही. कुठलाही माणूस अशा स्थितीत अस्वस्थ होणारच.

हे तीन पार्ट मिळून एक चक्र तयार होतं. भीती वाटते म्हणून जाणं टळतं, टळलं म्हणून कीड वाढते, वाढली म्हणून उपचार मोठा होतो, मोठ्या उपचारात त्रास जास्त, आणि त्रास झाला की भीती दुप्पट. स्वीडनमधल्या गोथेनबर्गचे संशोधक उल्फ बर्गग्रेन यांनी १९८४ मध्ये हे दुष्टचक्र मांडलं. आपल्या भाषेत हा पॉझिटिव्ह फीडबॅक. कुठंतरी लूप तोडल्याशिवाय सिस्टिम स्टेबल होत नाही.

आपली भीती किती, हे मोजताही येतं. नॉर्मन कोराह यांनी १९६९ मध्ये पहिली मोजपट्टी तयार केली. पुढं १९९५ मध्ये जेराल्ड हम्फ्रिस आणि सहकाऱ्यांनी ती सुधारली. पाच प्रश्न आहेत. उद्या दवाखान्यात जायचंय, वेटिंग रूममध्ये बसलोय, दात ड्रिल करणार आहेत, दात साफ करणार आहेत, हिरडीत इंजेक्शन देणार आहेत : या प्रत्येक वेळी किती भीती वाटते? ‘अजिबात नाही’ला १ आणि ‘प्रचंड’ला ५ गुण. बेरीज ५ ते २५ मध्ये येते. १९ किंवा जास्त आली तर भीती तीव्र समजतात. आज रात्री रूमवर करून बघा. इथं जास्त मार्क पडले म्हणून केटी लागत नाही!

याचा दुसरा फायदाही आहे. पाच आकडे वेगवेगळे येतात. कुणाला सुईचे ५ आणि ड्रिलचे २, कुणाचं उलट. ‘मला डेंटिस्टची भीती वाटते’ हे वाक्य फार मोठं आहे. ‘मला सुईची भीती वाटते’ हे लहान वाक्य आहे, आणि लहान वाक्यावर उपाय सापडतो.

ड्रिलचं गणित

आता त्या आवाजाकडं येऊ. १८७१ मध्ये जेम्स मॉरिसन यांनी पायानं चालवायच्या डेंटल ड्रिलचं पेटंट घेतलं, साधारण शिलाई मशीनच्या तत्त्वावर. त्यानंतर विजेवर चालणारी, पट्ट्याची ड्रिल आली. त्यांचा वेग कमी होता. वेग कमी म्हणजे दाबावं जास्त लागतं आणि हादरा हाडापर्यंत जातो. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीनं सांगितलेल्या गोष्टी खोट्या नव्हत्या, त्या जुन्या मशीनच्या होत्या.

१९५७ मध्ये अमेरिकेत जॉन बॉर्डन यांचा ‘एअरोटर’ आला आणि चित्र बदललं. हवेच्या दाबावर फिरणारी छोटी टर्बाइन, लोड नसताना वेग मिनिटाला तीन-चार लाख फेरे. आपल्या वर्कशॉपच्या सूत्रात घालून बघा. बरचा व्यास १.२ मिमी आणि वेग ३ लाख आरपीएम धरला, तर कटिंग स्पीड म्हणजे पाय गुणिले डी गुणिले एन, मिनिटाला सुमारे ११३० मीटर. दातावर टेकला की वेग कमी होतो हे खरं, तरीही तो इतका असतो की डॉक्टरांना दाबायची गरजच नसते. पिसासारखा स्पर्श पुरतो. बर टंगस्टन कार्बाइडचा किंवा डायमंड कोटिंगचा, म्हणजे आपल्या टूल क्रिबमधलीच भावंडं.

आणि तो आवाज? ३ लाख आरपीएम म्हणजे सेकंदाला ५००० फेरे, म्हणजे साधारण ५००० हर्ट्झ. माणसाचा कान २००० ते ५००० हर्ट्झच्या पट्ट्यात सगळ्यात तल्लख असतो. त्यात हा आवाज हवेतूनही येतो आणि जबड्याच्या हाडातूनही थेट कानात पोचतो. म्हणून तो आहे त्यापेक्षा मोठा आणि ‘आत घुसणारा’ वाटतो. मधेच आवाज खाली येतो तेव्हा पोरं दचकतात. ‘आता नसेला लागला!’ तसं काही नसतं. टूल टेकलं, लोड आला, आरपीएम पडला. लेथवर जॉब घेताना मोटरचा आवाज बदलतो, तेच.

तोंडात पाण्याचा फवारा का मारतात, हेही मेकॅनिकलवाल्यांना सांगायला नको. तो कूलंट आहे. दाताच्या आतल्या जिवंत भागाचं तापमान ५.५ अंश सेल्सिअसनं वाढलं तर काही दातांचा गर मरतो, हे झाक आणि कोहेन यांनी १९६५ मध्ये माकडांवरच्या प्रयोगात दाखवलं होतं. म्हणून पाणी सतत हवं. ते पाणी घशात जाईल, गुदमरू, अशी भीती वाटते ना? शेजारी सक्शनची नळी असते ती त्यासाठीच. आपण फक्त नाकानं श्वास घेत राहायचं.

सुई लागू पडली नाही, ती का?

भूल देण्याची विद्याच मुळात दातांच्या डॉक्टरांनी पुढं आणली. ११ डिसेंबर १८४४ ला अमेरिकेतल्या हार्टफर्डमध्ये होरेस वेल्स या डेंटिस्टनं नायट्रस ऑक्साइड हुंगून स्वतःचीच दाढ काढून घेतली. १६ ऑक्टोबर १८४६ ला बोस्टनमध्ये ज्यांनी ईथरचं गाजलेलं प्रात्यक्षिक दिलं ते विल्यम मॉर्टन हेही डेंटिस्टच. आज आपल्या हिरडीत जे देतात ते लिग्नोकेन १९४३ मध्ये स्वीडनमध्ये निल्स लॉफग्रेन आणि बेंग्ट लुंडक्विस्ट यांनी बनवलं. लुंडक्विस्ट यांनी ते स्वतःवर टोचून पाहिलं होतं, असे हे लोक!

हे औषध करतं काय? दुखण्याचा निरोप म्हणजे नसेतून जाणारा विजेचा सिग्नल. सोडियमचे आयन पेशीत शिरतात तेव्हा तो पुढं सरकतो. लिग्नोकेन सोडियमची ती दारं आतून बंद करतं. सिग्नलच नाही तर दुखणं कुठलं? मात्र दाबल्याची, ढकलल्याची जाणीव पूर्ण जात नाही. दाढ काढताना ‘काहीतरी होतंय’ असं कळतं, ते दुखणं नव्हे. हा फरक आधी माहीत असला तर अर्धी घाबरगुंडी तिथंच संपते.

आता मामांची गोष्ट. सुई लागू का पडली नसेल? औषधाचे जे रेणू विद्युतभाररहित असतात तेच नसेच्या आवरणातून आत जातात. लिग्नोकेनचा पीकेए ७.९ आहे. नेहमीच्या ७.४ पीएचला सुमारे २४ टक्के रेणू भाररहित असतात. पण पू झाला, सूज आली की तिथलं वातावरण आम्लधर्मी होतं. समजा पीएच ६.४ झाला, तर हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास येतं. केमिस्ट्रीच्या जर्नलमध्ये करतो ते गणित आहे, स्वतः करून बघा. त्यात सुजलेली नस आधीच चिडलेली असते. ‘सुई देऊनही दुखलं’ या गोष्टींमागं बऱ्याचदा हे कारण असतं. तेव्हा डॉक्टर आज दूरच्या जागी नसेला ब्लॉक देतात, डोस वाढवतात किंवा आधी सूज उतरवून मग बोलावतात. आणि आपल्यासाठी धडा सरळ आहे : दुखणं लहान असताना गेलं तर सुई नीट लागते. उशीर झाला तर जी भीती खोटी असते, ती आपणच खरी करतो.

आणखी एक छोटी गोष्ट. इंजेक्शनमध्ये बहुतेक वेळा थोडं अ‍ॅड्रिनॅलिन मिसळलेलं असतं. त्यानं रक्तवाहिन्या आकसतात आणि औषध जागेवर टिकतं. पण त्यामुळं एक-दोन मिनिटं छाती धडधडू शकते. ‘बघ, मी घाबरलोच’ असं वाटतं. ती धडधड बऱ्याचदा औषधाची असते, थोड्या वेळात जाते. तरीही डॉक्टरांना सांगा.

आठवण खोटं रीडिंग देते

१९८५ मध्ये जेराल्ड केंट यांनी एक सुंदर निरीक्षण नोंदवलं. जास्त घाबरणाऱ्या पेशंटना उपचाराआधी जेवढं दुखेल असं वाटतं, त्याहून प्रत्यक्षात कमी दुखतं. पण तीन महिन्यांनी विचारलं, तर त्यांना आठवणारं दुखणं प्रत्यक्ष दुखण्यापेक्षा आधीच्या अपेक्षेच्या जवळ जातं! म्हणजे चांगला अनुभव आला तरी मेंदू रजिस्टरमध्ये जुनीच नोंद ठेवतो. म्हणून ‘मागच्या वेळी काही झालं नाही’ हे माहीत असूनही पुढच्या वेळी पाय अडतात.

यावर उपाय आपल्या जर्नलमध्येच आहे. खुर्चीत बसण्याआधी कागदावर लिहा : अपेक्षित दुखणं, दहापैकी अमुक. बाहेर आल्याबरोबर लिहा : प्रत्यक्ष दुखणं, दहापैकी तमुक. तारीख घाला. पुढच्या वेळी जाण्याआधी तो कागद वाचा. आठवणीवर विश्वास ठेवू नका, रीडिंगवर ठेवा.

मामांचा जिना

भीती एका उडीत जात नाही. पण पायरी पायरीनं गेलो तर जाते, आणि प्रत्येक पायरीवर अलार्म शांत होईपर्यंत थांबायचं असतं. अलार्म वाजतोय तोवर पळालो तर मेंदू शिकतो, ‘पळालो म्हणून वाचलो’. थांबलो तर शिकतो, ‘अरे, काहीच झालं नाही की!’

मामांबरोबर आम्ही हेच केलं. पहिल्या पायरीला शिफ्ट सुटल्यावर दवाखान्यासमोरच्या टपरीवर फक्त चहा. दुसऱ्या खेपेला आत जाऊन फक्त नंबर लावायची चौकशी. तिसऱ्या खेपेला डॉक्टर मॅडमना मी आधीच फोनवर सांगून ठेवलं, “काका फार घाबरतात. आज फक्त बघा, काही करू नका.” मॅडमनी खरंच फक्त आरसा घेतला. मग एअरोटर हवेत चालवून दाखवला, पाण्याचा फवारा मामांच्या नखावर मारला. आधी सांगायचं, मग दाखवायचं, मग करायचं, ही पद्धत अ‍ॅडलस्टन यांनी १९५९ मध्ये लहान मुलांसाठी मांडली. मोठ्या मुलांनाही चालते!

“आरपीएम किती?” मामांनी विचारलं.

“तीन लाखांच्या वर.”

“आयला! आमचा स्पिंडल आठ हजारांवर बोंबलतोय.” आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा ते त्या खोलीत हसले.

मग मॅडमनी धातूची एक कॅप हातात दिली. ती कशी बनते ते मीच सांगितलं : मेणाचा नमुना, त्याभोवती इन्व्हेस्टमेंट, मेण जाळून काढायचं, पोकळीत धातू ओतायचा. १९०७ मध्ये विल्यम टॅगार्ट यांनी दंतवैद्यकात सोन्याच्या इनलेसाठी आणलेली ही पद्धत. म्हणजे सूक्ष्म फौंड्रीच. मामांनी कॅप उजेडात फिरवून बघितली. “ब्लोहोल नाही,” म्हणाले. जणू इन्स्पेक्शन पास केलं!

पण त्याच दिवशी मॅडमनी एक गोष्ट गंभीरपणे सांगितली. तोंड उभी दोन बोटं जाईल एवढंच उघडत होतं. साधारणपणे स्वतःची तीन बोटं जायला हवीत. गालाच्या आतली कातडी पांढरट आणि ताठ झालेली. याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. सुपारीमुळं होतो. तिखट झोंबणं ही त्याची सुरुवातीची खूण. तो पुरता उलटवता येत नाही, आणि काही जणांत त्याचं रूपांतर कॅन्सरमध्ये होतं. २०१२ मध्ये महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली, पण सुपारी आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांतून एकत्र येतच राहिली.

म्हणजे मामांना जो रस्सा झोंबत होता तो मसाल्यामुळं नव्हता. आणि हे कळायला औजार लागलं ते फक्त एक आरसा. ना सुई, ना ड्रिल. भीती माणसाला दुखण्यापासून वाचवत नाही, ती फक्त निदानापासून लांब ठेवते. पुढं दाढेचं काम तीन खेपांत झालं. तोंडाचे व्यायाम आणि तपासण्या चालू आहेत. पुडी? परवा फोनवर म्हणाले, “तिसऱ्यांदा सोडलीय. या बारीला टिकतंय बघ.” टिकू दे.

खुर्चीत बसण्याआधी आणि बसल्यावर

आता नेमकं काय करायचं ते थोडक्यात.

१. अपॉइंटमेंट घेतानाच सांगा, “मला भीती वाटते.” लाज कसली? डॉक्टरांना कळलं तर ते वेळ जास्त ठेवतात. शक्यतो सकाळची पहिली वेळ घ्या, म्हणजे दिवसभर विचार करत बसावं लागत नाही.

२. थांबायची खूण ठरवा. डावा हात वर केला की काम थांबणार. हा तुमचा इमर्जन्सी स्टॉप. सुरुवातीला एकदा उगाच वापरून बघा. खरंच थांबतात हे दिसलं की पुढं बहुधा लागत नाही.

३. उपाशीपोटी जाऊ नका. हिरडीत भूल द्यायची असेल तर हलकं खाऊन जा. पूर्ण बेशुद्ध करायचं असेल तर नियम वेगळे, ते डॉक्टर सांगतील. ‘हिंमत यावी’ म्हणून कुणी घोट मारायचा सल्ला देईल, तो ऐकू नका.

४. श्वास चार आकडे आत, सहा आकडे बाहेर. बाहेर सोडणं लांबवलं की हृदयाचा वेग उतरतो. पायाची बोटं आवळून सैल सोडा, म्हणजे जबडाही सैल पडतो.

५. सुईची भीती असेल तर आधी जेल किंवा स्प्रे लावायला सांगा. आजची सुई अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असते. औषध हळूहळू सोडलं तर ताण कमी जाणवतो, तसंही सांगता येतं.

६. एका कानात इअरफोन चालतो. दोन्हीत नको, डॉक्टरांचं ऐकू यायला हवं.

७. औजारांच्या स्वच्छतेची शंका असेल तर सरळ विचारा. ऑटोक्लेव्ह म्हणजे दाबाखालची वाफ, १५ पीएसआयला १२१ अंश. चांगल्या दवाखान्यात सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फोडतात.

८. बधिरपणा उतरेपर्यंत काही खाऊ नका, गरम चहा तर नाहीच. ओठ चावला जातो आणि कळतही नाही.

ज्यांना सुई किंवा रक्त बघून चक्कर येते त्यांचं यंत्र थोडं वेगळं आहे. त्यांचा रक्तदाब आधी चढतो आणि मग धाडकन पडतो. त्यांनी अंग सैल सोडायचं नाही, उलट आवळायचं. हातपाय, पोट दहा-पंधरा सेकंद घट्ट करा, चेहरा गरम वाटला की सोडा, अर्ध्या मिनिटानं पुन्हा. असं पाच वेळा. लार्स-योरान ओस्ट या स्वीडिश मानसशास्त्रज्ञांनी हे तंत्र मांडलं. झोपूनच उपचार घ्यायला मिळाले तर आणखी बरं.

आणि मोजपट्टीवर १९ च्या वर गेलात, किंवा नुसत्या विचारानं झोप उडत असेल, तर समुपदेशकाशी बोला. अशा भीतीवर वर्तनोपचार चांगले चालतात. काही दवाखान्यांत नायट्रस ऑक्साइडची सोयही असते. वेल्स यांचाच वायू!

पैशाची भीती

होस्टेलवर अर्धी भीती खिशाची असते, हे मान्य करू. पहिल्या भेटीत फक्त तपासणी करून घ्या आणि खर्च लिहून मागा. कोल्हापुरात सीपीआर आहे. शिरोलीतून महामार्गानं पुण्याच्या बाजूला गेलं की वाठारवरून वारणानगरच्या रस्त्याला नवे पारगावात तात्यासाहेब कोरे डेंटल कॉलेज आहे. सांगलीत भारती विद्यापीठाचं आहे. डेंटल कॉलेजांत विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त लागतो, पैसे कमी. शिवाय समोर आपल्याच वयाचा, आपल्यासारखाच व्हायव्हाला घाबरणारा कुणी असतो, हाही दिलासाच! एमआयडीसीत कामाला असणाऱ्यांनी आपल्या ईएसआय कार्डावर काय मिळतं ते कंपनीच्या ऑफिसात विचारावं.

प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स आणि ब्रेकडाउन मेंटेनन्समधला फरक आपण परीक्षेत पाच मार्कांना लिहितो. छोटं फिलिंग, त्यानंतर रूट कॅनाल आणि कॅप : खर्चही याच क्रमानं फुगत जातो.

रात्री दाढ ठणकली तर

आडवं झालं की डोक्याकडं रक्ताचा दाब वाढतो, म्हणून दाढ रात्री जास्त ठणकते. दोन उशा घ्या. लवंगेच्या तेलाचा बोळा थोडा वेळ आराम देतो, पण तेल हिरडीला लागू देऊ नका. अ‍ॅस्पिरिनची गोळी दाढेत धरू नका, हिरडी भाजते. मेडिकलमधून मनानं अँटिबायोटिक आणू नका. आत सुजलेली नस त्यानं बरी होत नाही, फक्त दिवस जातात.

मात्र गालावर किंवा जबड्याखाली सूज, ताप, तोंड न उघडणं, गिळायला किंवा श्वासाला त्रास, यातलं काही असेल तर सकाळची वाट बघू नका. रेक्टर सरांना उठवा आणि मोठं हॉस्पिटल गाठा. तिथं भीतीला मत नाही. तसंच तोंडातली जखम किंवा पांढरा-लाल चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही, तर दाखवायलाच हवा.

सतरा ते पंचवीस हे अक्कलदाढ येण्याचं वय, म्हणजे नेमकं आपलं होस्टेलचं वय. त्यामुळं हा प्रश्न प्रत्येक मजल्यावर कुठल्या ना कुठल्या रूममध्ये आत्ता चालू असणार. तुमचा रूमपार्टनर एकाच बाजूनं चावत असेल तर त्याला हसू नका, लेक्चरही देऊ नका. “चल, नुसता चहा पिऊन येऊ,” म्हणा. टपरी तेवढी दवाखान्यासमोरची निवडा.